वसतिगृहातली खरूज अशी आटोक्यात आली

आमची आश्रमशाळा सातपुड्यात, धडगावच्या बाजूला. मुख्याध्यापक म्हणून यंदा निकालापेक्षा जास्त डोकं खाल्लं ते खरजेनं. एक पोरगा तर फुटपट्टीने पाठ खाजवत पाढे म्हणायचा. एकाला मलम लावावं, तर शेजारचा सुरू! मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने एकाच रात्री सगळ्यांना, खाज असो-नसो, ५ टक्के परमेथ्रिन (खरजेचे किडे मारणारं मलम) मानेपासून तळपायापर्यंत लावलं. बोटांच्या बेचक्या, बेंबीसुद्धा. स्वयंपाकाच्या मावशी आणि आम्ही गुरुजीही सुटलो नाही. सकाळी आंघोळ, कपडे-चादरी कढत पाण्यात. गोधड्या प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून आठवडाभर बाजूला. आठवड्याने पुन्हा तेच. किडे मेले तरी खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते, हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं. होळीहून परतलेल्यांची मात्र दारातच तपासणी.