‘इल मात्रिमोनियो सेग्रेतो’ ऐकायला बसण्याआधी

दोमेनिको चिमारोझाचा हा विनोदी ऑपेरा पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर आधी घरातली नाती पक्की करा. बोलोन्याचा धनाढ्य व्यापारी जेरोनिमो, त्याला ऐकू कमी येतं. थोरली मुलगी एलिझेत्ता, धाकटी कारोलिना, जेरोनिमोची विधवा बहीण फिदाल्मा आणि पदरी असलेला तरुण कारकून पाओलिनो. कारोलिना-पाओलिनोचं लग्न गुपचूप उरकलेलं आहे. गोष्ट तिथून पुढे सुरू होते. काउंट रॉबिन्सन येतो एलिझेत्तासाठी आणि भाळतो कारोलिनावर. फिदाल्माचा डोळा तर खुद्द पाओलिनोवर! कोरस म्हणजे समूहगायकांचा ताफा नाही, सगळा खेळ या सहा जणांचा.

जोव्हान्नी बेर्तातीची संहिता भाषांतरासह हाताशी ठेवा. हार्पसिकॉर्ड या जुन्या पियानोसारख्या वाद्याच्या साथीवरचे बोलल्यासारखे गायलेले संवाद वगळून नुसती गाणी ऐकू नका. बापाला सांगायचं कधी आणि कसं, ही कारोलिना-पाओलिनोची घालमेल तिथेच कळते, आणि ती कळल्याशिवाय हसू येतं ते वरवरचं.

वेळ काढून ठेवा. 7 फेब्रुवारी 1792 रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा सम्राट दुसरा लिओपोल्ड इतका खूश झाला की सगळ्यांना जेवू घालून त्याने अख्खा ऑपेरा पुन्हा करायला लावला, असं सांगतात. आपण दोन अंक दोन संध्याकाळी ऐकले तरी चालेल.

याच रंगमंचावर 1786 मध्ये मोझार्टचा ‘फिगारो’ हा ऑपेरा झाला होता. ती तुलना मात्र बाजूला ठेवा. तिथला मालकावरचा राग इथे नाही. इथे बापाची भीती आहे, आणि चिमारोझा ती फार मायेने रंगवतो.

ध्वनिमुद्रण निवडताना मी संगीतसंचालक डॅनिएल बारेनबॉइमचं सुचवेन. त्यात डीट्रिश फिशर-डीस्काऊ जेरोनिमो झाला आहे. पहिल्या अंकातलं ‘ले फाच्चो उन इंकीनो’ हे तिघी बायकांचं भांडण आधी एकदा वेगळं ऐकून घ्या. मुजरे करत टोमणे कसे मारायचे ते कारोलिनाकडून शिकावं. दुसऱ्या अंकात काउंट धाकटीसाठी हुंड्यातले पन्नास हजार स्कूदी (तेव्हाची इटालियन नाणी) सोडायला तयार होतो, तिथे जेरोनिमोचा सूर कसा पालटतो ते नीट ऐका. आणि गोष्टीतल्या शेवटच्या रात्री कोण कोणत्या खोलीत आहे, हे कथासारात आधीच वाचून ठेवा. एलिझेत्ता दार ठोठावते तेव्हा आत काउंट आहे असं तिला वाटतं. आत कोण आहे ते आपल्याला ठाऊक हवं.