पाच गुणांची लालूच दाखवू नका: कोर्स आखताना या चुका टाळा

"सर, याचे मार्क भेटतीन का?" हा प्रश्न आला की नवे प्राध्यापक हताश होतात. पोरांना शिकायचंच नाही, असं स्टाफरूममध्ये बोललं जातं. मला ते ऐकवत नाही. हा प्रश्न विचारायला पोरांना आपणच शिकवलेलं असतं, पहिल्या वर्षापासून, आपल्या कोर्सच्या आखणीतून. मी स्वतः तो कसा शिकवला, ते आधी सांगतो.

मी खारपाणपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. विहिरीचं पाणी खारं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजण्याचं प्रात्यक्षिक आमच्या पोरांसाठी घरातलाच विषय. एका वर्षी प्रात्यक्षिक संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या विहिरीचं पानी आनू काय?" दुसऱ्या दिवशी तिने बिसलेरीच्या बाटलीत पाणी आणलं. मग दुसऱ्याने आणलं. महिनाभरात सतरा गावांचं पाणी आलं. कॉलेज सुटल्यावर पोरं थांबायची आणि शेवटच्या एसटीच्या वेळेवर पळत सुटायची. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, ईडीटीए या कठीणता मोजायच्या रसायनाचा एकेक थेंब सोडताना लाल वाइनसारखा रंग निळा झाला की "झाला, झाला" असा आवाज उठायचा. त्या पहिल्या मुलीच्या ५० मिलीलिटर पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए ४१ मिली लागलं, म्हणजे लिटरला ८२० मिलिग्रॅम कठीणता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चालण्याजोगी मर्यादा २०० आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६००. तो आकडा वहीत लिहिताना तिचा चेहरा गंभीर झाला होता. घरी तेच पाणी प्यायचे सगळे.

पुढच्या वर्षी मला वाटलं, एवढं चांगलं चाललंय तर सगळ्यांना सामील करू. अंतर्गत मूल्यमापनात बाटलीला पाच गुण ठेवले. चौसष्ट पोरांच्या चौसष्ट बाटल्या वेळेत आल्या, गावाचं नाव लिहिलेल्या. तपासायला बसलो तर ओळीने बारा बाटल्यांचं ब्युरेट रीडिंग १४.२ आणि १४.३ च्या मध्ये. बारा गावं, पाणी एकच. ते कॉलेजच्या मागच्या नळाचं होतं. मी कुणाला रागावलो नाही, कारण बाटली द्या, गुण घ्या असा सौदा मीच मांडला होता आणि पोरांनी तो पाळला होता. तिसऱ्या वर्षी मी गुण काढून घेतले, तर पाच-सहा बाटल्याही आल्या नाहीत. आधीचा उत्साह परत यायला दोन बॅचेस गेल्या.

हे नवीन नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच हे तपासलं होतं. आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळेत ते कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. पुढे रिचर्ड रायन यांच्यासोबत त्यांनी मांडलं की आतून येणाऱ्या ओढीला तीन गोष्टी लागतात: निर्णय माझा आहे ही भावना, मला जमतंय ही भावना, आणि इथली माणसं माझी आहेत ही भावना. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यापीठाच्या नियमाने द्यावेच लागतात, ते मी प्रात्यक्षिक अचूक करण्याला आणि रेकॉर्डला देतो. बाटलीला गुण नाही. तिचा आकडा प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशावर पोरगी किंवा पोरगा स्वतःच्या हाताने लिहितो, आणि एक चिठ्ठी घरी नेतो. माझी सवय एवढीच.

दुसरी चूक तरुण प्राध्यापकांची, विशेषतः प्राध्यापकांसाठीचा एखादा रिफ्रेशर कोर्स करून आलेल्यांची. पहिल्याच आठवड्यात म्हणतात, "विषय तुम्हीच निवडा." नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आल्यापासून हे फार वाढलंय. ज्या मुलाने बारावीपर्यंत वहीत फक्त उतरवून घेतलं, घरात कॉलेजात जाणारा पहिलाच, त्याला हे स्वातंत्र्य वाटत नाही, भीती वाटते. मग तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथे तयार प्रोजेक्ट मिळतो. प्राध्यापक पंधरा दिवसांत म्हणतात, आमच्या पोरांना स्वातंत्र्य झेपत नाही. पंधरा दिवसांत झेपण्याचा प्रश्नच येत नाही. मी सुरुवातीला तीनच पर्याय देतो: विहीर, बोअर किंवा नळ, यातलं पाणी निवडा. दुसऱ्या सत्रात प्रश्न त्यांचा, पद्धत माझी. तिसऱ्या वर्षी दोन्ही त्यांचं. एका मुलाने शेवटी स्वतःच विचारलं की फवारणीच्या टाकीत खारं पाणी घातलं तर औषध फुटतं का. तो कापूसवाल्याचा मुलगा आहे, त्याचा प्रश्न मला सुचला नसता.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्या तासाला ७५ टक्के हजेरीचा नियम वाचून दाखवू नका, तो नोटीस बोर्डावर आहेच; त्या तासाला गाव विचारा आणि नाव पाठ करा. वहीवर गुण आणि शेरा एकत्र देऊ नका. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसत्या शेऱ्याने शाळकरी मुलांची आवड टिकली, शेऱ्यासोबत गुण दिले की ती घटली. मी आधी शेरा देतो, दुरुस्ती करून घेतो, गुण आठवड्याने सांगतो. एकदा गुण दिसला की शेरा कुणी वाचत नाही, हे मी दरवर्षी पाहतो. पोरांनी वऱ्हाडीत उत्तर दिलं तर तिथल्या तिथे भाषा दुरुस्त करू नका. आधी रसायनशास्त्र बरोबर आहे का पाहा. आणि प्रेरणादायी व्याख्याने ठेवून कोर्स सुधारत नाही, त्या दोन तासांत प्रयोगशाळा उघडी ठेवा.

एक चूक मात्र फारच सर्रास होते. मोठी असाइनमेंट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवू नका. सोयाबीनची सवंगणी असते, पोरं शेतात असतात, आणि मळणीयंत्राची पाळी आली की रात्रीही घरी हवी असतात. वेळेत न देणाऱ्याला आपण आळशी ठरवतो आणि "मला जमत नाही" हे त्याच्या मनात पक्कं करतो. मी वेळापत्रक आखताना वर्गात फळ्यावर दोन ओळी काढतो, एक विद्यापीठाची, एक शेताची. कुणाच्या घरी काय कधी आहे ते पोरंच भरतात, आणि तारीख तिथेच ठरते. गेल्या वर्षी ती पोळ्यानंतरच्या आठवड्यात ठरली. एकोणसाठपैकी सत्तावन्न वह्या त्या तारखेला टेबलावर होत्या. उरलेल्या दोघांनी आदल्या दिवशीच येऊन सांगितलं होतं.