रास्पबेरी पायवरून सीसीटीव्ही यूट्यूबवर लाइव्ह करताय? आधी हे वाचा

गावच्या देवळातला कॅमेरा मुंबई-दुबईवाल्यांना घरबसल्या दिसावा म्हणून बरेच जण राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून मोकळे होतात, तसं अजिबात करू नका, कॅमेऱ्याचा पासवर्ड कच्चा असला की कोणीही आत शिरतं. त्यापेक्षा रास्पबेरी पायवर (हा छोटासा कॉम्प्युटर) एफएफएमपेग (व्हिडिओ हाताळणारं सॉफ्टवेअर) टाका, तो कॅमेऱ्याचा आरटीएसपी स्ट्रीम (कॅमेरा नेटवर्कवर देतो तो लाइव्ह व्हिडिओ, पोर्ट बहुतेक 554) घेऊन स्वतःच यूट्यूबला ढकलतो, बाहेरून कोणाला आत यायला दारच नको.

खरी गोम अशी की व्हिडिओ परत एन्कोड (नव्याने रूपांतर) करायचा नाही, कोडेक 'कॉपी' ठेवायचा, म्हणजे आहे तसाच पुढे पाठवायचा. कॅमेरा आधीच एच.264 (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) देतो मग पायला कशाला घाम फोडायचा? आणि पाय 5 मध्ये तर हार्डवेअर एन्कोडरच नाहीये. कॅमेऱ्यात एच.265 चालू असेल तर 264 करा, सेकंदाला 25 फ्रेम असतील तर आय-फ्रेम इंटरव्हल 50 ठेवा म्हणजे 2 सेकंदाला एक कीफ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम, हीच आय-फ्रेम).

माझी एक अख्खी संध्याकाळ मात्र आवाजाने खाल्ली! कॅमेऱ्याला माइक नव्हता आणि स्ट्रीम काही केल्या सुरूच होईना, शेवटी एफएफएमपेगच्या 'एनलसोर्स'ने (anullsrc) मुका ऑडिओ जोडला तेव्हा कुठे चित्र दिसलं.

नेट बघून घ्या, 2 एमबीपीएसला दिवसाला साधारण 21-22 जीबी अपलोड जातो. लाइट गेली-आली की आपोआप चालू व्हायला सिस्टमडी (पायच्या लिनक्समधलं प्रोग्राम आपोआप चालू करणारं साधन) सर्व्हिस करून ठेवा. चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला 24 तास लागू शकतात, उत्सवाच्या आदल्या रात्री बसू नका.