कामगाराच्या संरक्षणाला कात्री न लावता सुट्या भागांचा दर कसा ठरवावा

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकावर नगामागे पाच-दहा पैसे कमी करण्याची वेळ आली की पहिली कात्री बहुधा भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयला (कर्मचारी राज्य विमा) लागते. कोटेशनमध्ये साहित्य, मशीनचा ताशी दर, मजुरी आणि नफा असे रकाने असतात. हा खर्च त्यांत कुठेच दिसत नाही, आणि कागदावर जे दिसत नाही ते घासाघीशीत सर्वांत आधी जाते. म्हणून बोलणीला बसण्यापूर्वी या खर्चाचा स्वतंत्र रकाना तयार करावा.

हिशेब अवघड नाही. वेतन दरमहा १५,००० रुपये धरले, तर मालकाचा निधीतील १२ टक्के हिस्सा १,८०० रुपये होतो, निधीशी जोडलेला ठेवसंलग्न विमा व निधीच्या प्रशासकीय खर्चाचे मिळून १५० रुपये, ईएसआयचे ३.२५ टक्क्यांनी सुमारे ४८८ रुपये आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेची) तरतूद सुमारे ७२१ रुपये. एकूण ३,१५९ रुपये, म्हणजे २६ दिवसांच्या महिन्यात रोजचे साधारण १२१ रुपये. पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर एका पाळीत १,५०० नग निघत असतील, तर नगामागे हा भार आठ पैसे पडतो. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर १५० नग निघत असतील, तर ८१ पैसे. खरेदी विभागासमोर हा आकडा ठेवला की चर्चा सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ), रिजेक्शन (नाकारले जाणारे नग) आणि डाय म्हणजे साचा बदलण्यात जाणाऱ्या वेळेकडे वळवता येते, आणि माझ्या मते दर कमी करण्याची खरी जागा तीच आहे. आठ पैसे वाचवण्यासाठी दर तीन महिन्यांनी नवा, अननुभवी कामगार आणणाऱ्या कारखान्यात त्याहून जास्त पैसे भंगारात जातात.

ग्रॅच्युइटी या हिशेबातून वगळू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनुसार मुदतबंद कराराच्या कामगारालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ती मिळते. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ वेतन लहान दाखवून हप्ता वाचवण्याची जुनी पद्धत आता उपयोगाची नाही.

महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष (महागाई) भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, पण पुरवठ्याचा दर वर्षभरासाठी बांधलेला असतो. पोलादाचा भाव चढला की दर सुधारण्याची अट बहुतेक ऑर्डरींमध्ये असते. तशीच अट विशेष भत्त्यासाठी लेखी मागावी. ती नसेल, तर जुलैतील वाढ मालकाच्या खिशातून तरी जाते किंवा कामगाराच्या.

पुष्कळ ठिकाणी अडचण नफ्यापेक्षा रोख रकमेची असते. निधी आणि ईएसआयचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावा लागतो, मात्र बिल नव्वद दिवसांनी सुटते. उद्यम (सरकारची लघुउद्योग) नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देय होते. ग्राहकाशी वाद नको असेल, तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवून, म्हणजे थोड्या कपातीने मुदतीआधीच पैसे घेऊन टाकावे. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे.

नोंदणीच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नये. मुलगा सकाळी प्रेसवर उभा राहतो, दुपारी डायमध्ये अडकलेला पत्र्याचा तुकडा हाताने काढायला जातो, आणि बोट जाते. अपघातासाठी ईएसआयमध्ये हप्त्यांची किमान अट नाही. पहिल्याच दिवशी इजा झाली तरी उपचार मिळतात आणि काम बंद असलेल्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. नाव चढवलेले नसेल, तर त्याच दुपारी चिंचवडमधील मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयाच्या दारात कागदपत्रांची शोधाशोध सुरू होते. कामगार ठेकेदाराचा असेल, तर ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर न राहता दरमहा चलनासोबत नावांची यादी मागावी आणि प्रत्येकाच्या यूएएनशी (निधी खात्याच्या कायम क्रमांकाशी) ताडून पाहावी, कारण ठेकेदाराने निधी थकवल्यास वसुली मुख्य मालकाकडून होऊ शकते.

दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला ईएसआय सहसा लागू होत नाही. तेथे ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी आणि वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघात विमा) एवढे तरी करावेच.

शेजारचा गाळेवाला हा खर्च टाळून दर पाडतो, ही तक्रार खरी आहे. पुण्यातल्या हमालांपुढेही हाच प्रश्न होता. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने येथे हमालांना संघटित केले, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीवर लेव्ही (मालकाने द्यायचा ठरावीक जादा आकार) बसवून ती माथाडी मंडळाकडे जमा करण्याची व्यवस्था केली. सर्वांना सारखीच लेव्ही लागल्यामुळे भविष्य निर्वाह निधी बुडवून स्वस्त होण्याची वाटच अरुंद झाली. त्याच धर्तीवर एकाच ग्राहकाला माल देणाऱ्या पुरवठादारांनी आपापल्या दराची गुप्तता राखून एवढीच संयुक्त मागणी करावी की, कोटेशनच्या नमुन्यातच वैधानिक देण्यांचा रकाना असावा आणि तो रिकामा असलेले कोटेशन स्वीकारले जाऊ नये. ही मागणी पुढील वर्षाचे दर ठरण्याच्या दोन-तीन महिने आधी, लेखी, खरेदी विभागाबरोबरच मनुष्यबळ विभागाकडेही द्यावी.