एकही छिद्र न पाडता जुन्या टाइपरायटरचा संगणक

१८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स-ग्लिडन टाइपरायटरवरची कळांची मांडणी थोड्याफार फरकाने आजही आपल्या कीबोर्डवर आहे. त्यामुळे टाइपरायटर संगणकाला जोडणं म्हणजे दोन नातलगांची गाठ घालून देणं. मात्र स्टीमपंकच्या, म्हणजे आजच्या यंत्रांना वाफेच्या काळाचं रूप देण्याच्या, हौसेपायी कितीतरी चांगल्या यंत्रांच्या कळा उपटल्या जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून माझी अट अशी: छिद्र नाही, कापाकापी नाही. सगळं उतरवलं की त्याच यंत्रावर पुन्हा पत्र टंकता आलं पाहिजे.

यंत्र हाताने चालणारं घ्या, विजेवरचं नको. धूळ ब्रशने काढा. अक्षरांचे दांडे ज्या खाचांतून फिरतात तिथला चिकटा व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) धुवा आणि तिथे तेल मुळीच सोडू नका. तेलावर धूळ बसते आणि दांडे पुन्हा अडकतात.

आता कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग. प्रत्येक ठोक्याला ते सरकतं आणि ओळ संपली की कळा अडतात. ते स्प्रिंगच्या डबीला जोडलेल्या पट्ट्याने ओढलं जातं. कॅरेज डाव्या टोकाला नेऊन, म्हणजे स्प्रिंगचा ताण कमीत कमी असताना, पट्टा सोडवा, पण हातातून निसटू देऊ नका. स्प्रिंग झटक्यात उलगडते आणि बोट कापू शकते. पट्ट्याचं टोक चौकटीला बांधून ठेवा आणि कॅरेज परत उजवीकडे सरकवा. ठोके आता एकाच जागी बसणार, म्हणून रबरी रोळावर जाड कागदाची घडी गुंडाळा.

खरं काम कळांखाली आहे. कळांच्या तरफा आणि चौकट धातूची, म्हणजे विजेच्या दृष्टीने सगळं एकच. मल्टिमीटरने प्रत्येक तरफ तपासा. जिथे जोड लागत नाही तिथे गंज किंवा रंग आडवा येतोय. मग वीज न वाहणाऱ्या फायबरच्या पट्टीवर फॉस्फर ब्राँझच्या लवचीक पात्या, दर तरफेखाली एक, अशा बसवा आणि ती पट्टी यंत्राच्या मूळ स्क्रूंनीच आवळा. कळ तळाला पोचण्याच्या जरा आधी पातीला टेकली पाहिजे. हे जुळवायला एक अख्खी संध्याकाळ जाते, पण घाई करू नका, टंकताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच येतात.

चौकट सर्किटच्या ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडा. सगळ्या तरफांचं ग्राउंड एकच असल्याने कीबोर्डची नेहमीची आडव्या-उभ्या तारांची जाळी इथे चालत नाही. प्रत्येक कळीच्या पातीला स्वतंत्र इनपुट लागतो. ७४एचसी१६५ या चिपमध्ये ८ इनपुट असतात, म्हणून ६ चिपा साखळीने जोडल्या की ४८ मिळतात. प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर द्या, म्हणजे कळ दाबलेली नसताना इनपुट अधांतरी राहत नाही. साखळी आर्दुइनो लिओनार्डो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडा, कारण संगणक त्याला थेट यूएसबी कीबोर्ड म्हणून ओळखतो. प्रोग्रॅममध्ये १० ते २० मिलिसेकंदांचा विराम ठेवा, नाहीतर एका ठोक्याला दोन अक्षरं उमटतात.

अनेक जुन्या यंत्रांवर १ हा आकडाच नसतो, तिथे लहान एल टंकत. त्यासाठी आणि एस्केप, कंट्रोलसाठी जुन्या उपकरणांचे पितळी खटके वेगळ्या लाकडी फळीवर लावा.

रास्पबेरी पाय (हाच आपला छोटा संगणक) आणि छोटा एलसीडी पडदा रेडिओच्या रिकाम्या लाकडी पेटीत ठेवा, मागून हवा खेळू द्या. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

शेवटी ओळ बदलण्याच्या दांड्याला छोटं चुंबक चिकटवा आणि शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा खटका) बांधा. दांडा ओढला की एंटर, आणि रोळ एक ओळ पुढे.