दख्खनच्या कातळाखालचा मोहो शोधताना

भूकंपशास्त्रात पीएच.डी.साठी येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या मनात बहुधा कोयना (१९६७) किंवा किल्लारी (१९९३) असते. शिलावरणाची, म्हणजे भूकवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कठीण थर मिळून होणाऱ्या कवचाची, रचना पाहायची असेल, तर मात्र दूरचे भूकंप अधिक उपयोगी पडतात. भूकंपनोंदणीच्या ठाण्यापासून ३० ते ९० अंशांवर (हे अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजतात), उदाहरणार्थ जपानमध्ये, मोठा भूकंप झाला की त्याची पी लहर आपल्या पायाखालून बरीचशी उभी वर येते आणि भूकवच व प्रावरण यांच्या सीमेवर, म्हणजे मोहोवर, तिचा थोडा अंश एस लहरीत बदलतो. क्रोएशियाचे भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनी ही सीमा १९०९ मध्ये झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदींवरून ओळखली होती. एस लहर मंद असल्याने मागे पडते. ती साडेचार सेकंद मागे असेल, तर मोहो साधारण ३७ किलोमीटर खोल आहे, असा हिशेब निघतो. या पद्धतीला ‘रिसीव्हर फंक्शन’ म्हणतात.

माझ्या पहिल्या ठाण्याच्या नोंदींत लहरीच्या दिशेशी काटकोनात असलेल्या आडव्या कंपनाच्या घटकावरही ठळक ऊर्जा दिसत होती. मोहो तिरपा आहे, असे गृहीत धरून मी दोन महिने प्रतिमाने बसवत राहिलो. मग मूळ नोंदी एकेक करून उघडल्या, तेव्हा लक्षात आले की भूकंप कुठल्याही दिशेचा असो, पी लहरीच्या कंपनाची दिशा दर वेळी सारख्याच, सुमारे १२ अंशांनी हटलेली आहे. भूकंपमापकाची उत्तर दिशा मी होकायंत्राने लावली होती आणि खड्ड्याच्या कडेचा बेसाल्ट स्वतःच चुंबकित होता. सुई कातळाकडे ओढली गेली होती. दख्खनमध्ये उत्तर दिशा सूर्याच्या सावलीवरून ठरवावी, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आवर्जून सांगतो.

शिलावरणाचा तळ याहून अवघड आहे. भूकवचात वरखाली परावर्तित झालेल्या लहरी नेमक्या त्याच सुमारास पोहोचतात आणि तळाचा क्षीण संकेत झाकून टाकतात. एस लहरीतून बदललेली पी लहर मात्र मूळ लहरीच्या आधी येते, त्यामुळे तिथे ही सरमिसळ टळते. पण अशा नोंदींत गोंगाट फार असतो, म्हणून अनेक भूकंपांची बेरीज करावी लागते.

नव्या विद्यार्थ्याला पायथन आणि ऑब्सपाय (भूकंपाच्या नोंदी हाताळणारी पायथनमधील प्रणाली) महिन्याभरात हाताशी येतात. फूरिये रूपांतर (नोंदीची वेगवेगळ्या वारंवारतांत फोड) व विसंवलन (नोंदीतून मूळ लहरीचा आकार वेगळा काढणे) यांना मात्र पहिले पूर्ण सत्र द्यावे, आणि गणिते कागदावर सोडवावीत.