बर्फ पाण्यावर का तरंगतो: प्रदर्शनात आणि जर्नलमध्ये या चुका टाळा

शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या टेबलावर बर्फ टाकलेला पेला असतोच. प्रयोग स्वस्त आहे, सुंदर आहे, पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून काढतोय. मुलांसाठी, त्यांच्या सर-मॅडमसाठी, आणि आदल्या रात्री चार्ट रंगवत बसणाऱ्या आईबाबांसाठी पण.

"बर्फात हवा असते म्हणून तो तरंगतो"

हे उत्तर मुलंच नाही, मोठी माणसं पण ठासून देतात. फ्रीजमधला एक क्यूब हातात घ्या आणि नीट बघा. कडेला तो पारदर्शक असतो आणि मधोमध पांढरट. ट्रेमधलं पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यात विरघळलेली हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मधे अडकते, ते पांढरं म्हणजे ते बुडबुडे. आता कडेचा पारदर्शक तुकडा फोडून काढा आणि पाण्यात टाका. तरंगतो ना? मग हवेचा विषय संपला. बुडबुड्यांनी क्यूब किंचित हलका होतो हे खरं, पण एकही बुडबुडा नसलेल्या बर्फाची घनता सुद्धा ०.९१७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच असते आणि ० अंशाच्या पाण्याची ०.९९९८.

खरं कारण रेणूंच्या मांडणीत आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांना ठरावीक कोनात धरून असतो, त्यातून षटकोनी जाळी तयार होते आणि तिच्यात भरपूर मोकळी जागा राहते. मंगळागौरीला हात धरून फेर धरलेल्या बायकांना अख्खं अंगण लागतं, हात सोडले की त्याच बायका एका खोलीत मावतात, तसंच. बर्फ वितळला की बंध सतत तुटतात-जुळतात आणि रेणू त्या मोकळ्या जागेत सरकतात. म्हणून पाणी जास्त दाट. बहुतेक पदार्थांचं याच्या उलट असतं, तुपाच्या बरणीत रवा खाली बसतो आणि पातळ तूप वर राहतं ते बघितलंच असेल.

"पाण्याच्या असंगत आचरणामुळे, ४ अंशामुळे"

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, कारण उत्तर अर्धं बरोबर वाटतं आणि पेपर तपासणारे मार्क देऊन मोकळे होतात. असंगत आचरण म्हणजे ४ अंशाच्या खाली थंड होताना पाणी आकसायचं सोडून उलट प्रसरण पावतं, म्हणून ४ अंशाला ते सगळ्यात दाट असतं. पण गोठताना फुगणं आणि हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. ४ अंशाचं एक लिटर पाणी ० अंशापर्यंत थंड केलं तर ते फक्त ०.१३ मिलिलिटरने वाढतं, आणि तेच पाणी गोठलं की एकदम साधारण ९० मिलिलिटरने फुगतं. बर्फाला तरंगवते ती ही दुसरी उडी. ती ४ अंशाची भानगड नसती तरी बर्फ तरंगलाच असता! ४ अंशाचं काम वेगळं आहे. दल सरोवरावर बर्फाचा थर येतो आणि खाली तळाशी ४ अंशाच्या आसपासचं जड पाणी राहून मासे जगतात, ते त्याच्यामुळे.

आता यावरूनच होपचं उपकरण. पाणी ४ अंशाला सगळ्यात दाट असतं हे दाखवणारा, शास्त्रज्ञ थॉमस होप यांनी १८०५ मध्ये एडिंबरात दाखवलेला प्रयोग, आपल्या दहावीच्या पुस्तकात आहे. उभं नळकांडं, मधोमध गोठणमिश्रणाचं (बर्फ आणि मिठाचं) भांडं, वर एक थर्मामीटर, खाली एक. एका शाळेत मी बघायला गेलो होतो. भांड्यात नुसता बर्फ, मीठ नाहीच, का तर "बर्फ पुरेसा गार असतो". पाणी थेट नळाचं. आणि दर मिनिटाला एक जण रीडिंग दिसत नाही म्हणून थर्मामीटर बाहेर काढून बघतोय आणि परत खुपसतोय, म्हणजे वरचं-खालचं पाणी ढवळलं जातंय. दोन्ही पारे हातात हात घालून हळूहळू उतरत राहिले, तासाची घंटा झाली, आणि सगळ्या वर्गाने पुस्तकातला आलेख जर्नलमध्ये उतरवला. सही पण झाली. मुलांना पाणी किती मजेदार वागतं ते दिसलंच नाही आणि वर खोटं लिहायची सवय लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी पद्धत साधी आहे. पाणी आधी फ्रीजमध्ये ठेवून १० अंशाच्या जवळपास आणतो. बारीक कुटलेल्या बर्फात तीन वाट्यांना एक वाटी जाडं मीठ, कंजुषी नाही. नळकांड्याला कापूस नाहीतर जुनं लोकरीचं कापड गुंडाळतो. थर्मामीटर बाजूच्या बुचातून आडवे घालतो आणि नंतर हात लावू देत नाही. डबल पिरियड मागून घेतो. खालचा पारा आधी ४ वर येऊन थांबतो, मग वरचा त्याला ओलांडून शून्याकडे जातो, ते बघताना मुलं आपोआप गप्प होतात. एका तासात उरकायचं असेल तर करूच नका, व्हिडिओ दाखवा.

बाकीच्या, पटापट

"गोठल्यावर पाण्याचं वजन कमी होतं." नाही. १०० ग्रॅम पाण्याचा १०० ग्रॅमच बर्फ होतो, जागा जास्त लागते एवढंच.

"सपाट असतो म्हणून तरंगतो." १६११ मध्ये फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओशी लोक हाच वाद घालत होते. गोल तुकडा टाकून बघा, विषय संपतो.

चार्टवर अर्धा पाण्याबाहेर असलेला हिमनग. समुद्रात साधारण दहावा भागच वर असतो, पेल्यातल्या साध्या पाण्यात त्याहून कमी. कृपया तसं काढा.

काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये. फुटते. काच नकोच, आणि प्लास्टिकच्या बाटलीतही वर चांगली जागा सोडा.

"बर्फ वितळला की पेला ओसंडेल." साध्या पाण्यात पातळी तीच राहते, कारण तरंगणारा बर्फ जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढंच त्याचं पाणी होतं. खाऱ्या पाण्यात साधा बर्फ टाकला तर मात्र किंचित वाढते. आणि ग्रीनलंड, अंटार्क्टिकाचा जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला तर पातळी वाढतेच, तो तरंगत नव्हता. हे दोन्ही एकाच चार्टवर घुसडू नका.

तेलातला बर्फ

"बर्फ तेलात बुडतो" हे दाखवायला जातात आणि सगळ्यांसमोर तो तरंगतो. खाद्यतेलाची घनता बर्फाच्या इतकी जवळ असते की इथे बुडबुड्यांनी खरंच फरक पडतो, पांढरट क्यूब वर राहतो आणि पारदर्शक तुकडा कधी मधेच लोंबकळतो, कधी सावकाश खाली जातो. म्हणून हा प्रयोग "बुडतो की तरंगतो" असा न करता वितळणारे थेंब बघायला करा, बर्फाखाली पाण्याचा थेंब फुगतो, सुटतो आणि तेलातून सरळ तळाला जातो. शेंगदाणा तेल घ्या. खोबरेल अजिबात नको, ते बर्फाभोवती लगेच थिजतं आणि दिसायचं काहीच राहत नाही.